पाणी आपलं, धोका खालच्याचा

बुलढाणा जिल्ह्यातल्या बीबीहून लोणारकडे निघा की दुसरबीडकडे, पावसाळा सरल्यावर सोयाबीन-तुरीच्या वावरांमध्ये कुठे ना कुठे मातीची एक पाळ आणि तिच्यामागे साचलेलं पाणी दिसतंच. काही पाळी सरकारी आहेत: पाझर तलाव, गाव तलाव, माती नाला बांध. पण अलीकडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशानं, ओळखीतल्या जेसीबीवाल्याला तासावर बोलावून घातलेल्या पाळीही वाढल्या आहेत. कुणाची आठ फूट उंच, कुणाची पंधरा. त्यांतल्या बऱ्याच पाळींना ना नकाशा ना अंदाजपत्रक. मालकाच्या मनात बसलेली उंची आणि डिझेलला पुरलेले पैसे, एवढंच त्यांचं माप.

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा काळ बांधबंदिस्ती आणि माती नाला बांधांवर गेला. आता गावातच शेती पाहतो, तरी लोक पाळ दाखवायला बोलावतात. ‘साहेब, जरा नजर टाकून जा.’ गेल्यावर प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती मावंल? मोटर किती दिवस चालंल? मी मात्र उलटा एक प्रश्न विचारतो: ही पाळ रात्री दोन वाजता फुटली, तर पाणी कुणाच्या दारात जाईल? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

पाळ लागतेच

पाळ घालू नका, असं मी कुणालाही म्हणणार नाही. आमच्या एका अंगाला खडकपूर्णा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. मधल्या उंच भागातल्या शिवाराला कालव्याचं पाणी कुठून येणार? खडकपूर्णेवर संत चोखासागर प्रकल्प झाला, त्याचा उपयोग त्याच्या लाभक्षेत्राला. बाकीच्यांचं सगळं चार महिन्यांच्या पावसावर. जमिनीखाली काळा पाषाण. त्यात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या मुरमात, म्हणजे थोडंच. हरभऱ्याला वेळेवर एक पाणी मिळालं तर पीक उभं राहतं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटमध्ये बीजोत्पादन करणाऱ्यांना तर उन्हाळ्यातही पाणी लागतं. ई-क्लासच्या गायरानावर चरून आलेल्या ढोरांना दुपारी पाणी कुठे दाखवायचं, हा प्रश्न वेगळाच.

पाणी अडवण्याची रीत इथे जुनी आहे. सिंदखेड राजाचा मोती तलाव जाधवरावांच्या काळापासूनची साक्ष देतो. १९७२च्या दुष्काळात हजारो हातांनी टोपल्यांनी माती वाहून पाझर तलाव बांधले. पुढे रोजगार हमीच्या कामांनी ते लोण गावोगाव नेलं. डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं, २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. मग महामार्गांच्या कामांना मुरूम हवा होता आणि जिल्ह्याला पाणी हवं होतं. रस्त्याच्या कामासाठी नाले-तलावांतला गाळ-मुरूम काढायचा आणि तिथे पाणी साठवायचं, ही पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून देशभर नावाजली.

या सगळ्यातून एक गोष्ट घडली. माती हलवणं स्वस्त आणि झटपट झालं. जे काम पूर्वी शंभर माणसं दोन उन्हाळे करत, ते पोकलेन चार दिवसांत करतं. पूर्वीच्या संथ कामात माणसांच्या, गाढवांच्या, बैलांच्या पायांनी माती आपोआप तुडवली जाई. चार दिवसांच्या कामात ती नुसती ओतली जाते.

ओतलेली माती म्हणजे पाळ नव्हे

मातीचं धरण उभं राहतं ते तीन गोष्टींवर: पाया, गाभा आणि दाब.

पाया म्हणजे आधी गवत, मुळ्या, भुसभुशीत थर खरवडून काढायचा. मग पाळीच्या मध्यरेषेवर चर खणायचा, पक्क्या थराला लागेपर्यंत. आमच्याकडे वर दोन-चार हात माती आणि खाली मुरूम. चर मुरमाच्या तोंडावरच थांबवला, तर पाणी पाळीला हात न लावता खालच्या मुरमातून निघून जातं. ‘तळं थांबतच नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं तिथेच असतं.

त्या चरापासून वरपर्यंत चिकण मातीचा गाभा घ्यायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचं कवच. गाभा पाणी अडवतो, कवच त्याला आधार देतं आणि ऊन-पावसापासून झाकतं. आमची काळी माती गाभ्याला कामाची, पण तिचा स्वभाव ओळखून. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच त्या उघड्या काळ्या पाळीलाही पडतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि तळं एका रात्रीत भरलं, तर पाण्याला त्या भेगांतून आरपार वाट मिळते. म्हणून नुसत्या काळ्या मातीची पाळ उघडी ठेवायची नाही. वर मुरमाचा थर हवाच.

तिसरा दाब. माती अर्धा-पाऊण फुटाच्या थरात पसरायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपायचं आणि रोलर फिरवायचा. रोलर जिथे पोचत नाही तिथे धुम्मस. ओल बरोबर आहे का हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती दाबा. गोळा व्हायला हवा, हात चिखलाने माखायला नको, आणि गोळा खाली टाकला की फुटायला हवा. जेसीबी पाळीवरून दोनदा गेला म्हणजे दबाई झाली, हा समज सर्वांत महाग पडतो. नीट दाबलेली पाळही थोडी बसतेच. म्हणून माथा हिशेबापेक्षा जरा उंच ठेवतात, नाहीतर दोन पावसांत मधला भाग खाली जातो आणि पुराला नेमकी तिथेच वाट सापडते.

उतारही सांभाळायचा. पाण्याकडच्या बाजूला एक फूट उंचीला अडीच ते तीन फूट, कोरड्या बाजूला दोन फूट. जागा वाचवायला लोक भिंतीसारखी उभी पाळ करतात. ती दिसायला भक्कम असते आणि पहिल्याच ओल्या वर्षात तिची कड घसरते. तळं भराभर उपसलं तरी आतली बाजू घसरू शकते, कारण बाहेरचं पाणी गेलं तरी मातीच्या पोटातलं पाणी तिथेच असतं.

सांडवा हाच जीव

मातीच्या धरणावरून पाणी वाहता कामा नये. दगडी किंवा सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी तो टिकतो. मातीच्या पाळीवरून गेलं की कोरड्या बाजूची माती धुपायला लागते, घळ मागे सरकते आणि एक-दोन तासांत सगळं संपतं. जगभरातल्या मोठ्या मातीच्या धरणांच्या फुटींचा अभ्यास झाला, तेव्हा निम्म्याच्या आसपास फुटी अशा वरून पाणी गेल्याने आणि जवळपास तेवढ्याच आतून माती वाहून गेल्याने झालेल्या आढळल्या. म्हणजे मालकानं पहारा ठेवायचा तो या दोन वाटांवर.

पहिल्या वाटेवरचा पहारेकरी सांडवा. तो किती रुंद हवा, याचा ढोबळ हिशेब मी शेतकऱ्याला वहीच्या कागदावर करून दाखवतो. समजा, तुमच्या तळ्याकडे २५ एकरांचं, म्हणजे साधारण १० हेक्टरचं पाणी येतं. महसूल खातं एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. तेवढा पाऊस या २५ एकरांवर पडला तर तो ६५ लाख लिटर होतो. ऑगस्टमध्ये जमीन आधीच पाणी पिऊन बसलेली असते. अर्धं पाणी वाहिलं तरी ३२ लाख लिटर. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल शेततळ्यात मावतं जेमतेम २० लाख. हाच पाऊस दोन तासांत कोसळला तर सेकंदाला सरासरी साडेचारशे लिटर पाणी येतं, आणि ऐन जोरात त्याच्या दुप्पट-तिप्पट. सांडव्यावर एक फूट पाण्याचा थर धरला तर एक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण अडीचशे लिटर जातं. म्हणजे एवढ्याशा तळ्याला चार-पाच मीटर रुंद सांडवा लागतो. प्रत्यक्षात मला काय दिसतं? पाळीत घातलेला सहा इंची पाइप. त्यातून सेकंदाला पन्नास लिटरच्या आतच पाणी जातं.

सांडवा पाळीच्या टोकाला, न उकरलेल्या पक्क्या जमिनीवर काढायचा. भरावावर कधीच नाही. त्याचं पाणी पाळीच्या पायथ्यापासून दूर नेऊन नाल्यात सोडायचं. सांडवा चालत असताना पाण्याच्या वर पाळीचा माथा आणखी दोन-तीन फूट कोरडा राहायला हवा. एवढं मोकळं अंतर वाया जात नाही, ते जाणूनबुजून ठेवलेलं असतं.

आणि इथेच मन डळमळतं. परतीचा पाऊस सुरू असतो, तळं काठोकाठ असतं, सांडव्यातून पाणी झुळझुळ निघून जाताना दिसतं. ‘वाया जाते ना साहेब. दोन फूट पोती लावली तं उन्हाळा निघते.’ मला त्या माणसाचं दुःख कळतं, एप्रिलमधलं त्याचं वावर मी पाहिलेलं असतं. पण दोन फूट पोती म्हणजे पाळीची मोकळी उंची संपली. त्या रात्री ढग फुटला तर पोती नव्हे, पाळच जाते. जास्त पाणी हवं असेल तर उन्हाळ्यात तळं खोल करा किंवा पाळ आणि सांडवा दोन्ही नव्यानं उंच करा. सांडव्यावर पोतं, जाळी, लाकूड, काहीही ठेवू नका.

गढूळ पाणी बोललं की ऐका

दुसरी वाट आतली. मातीची पाळ थोडी पाझरतेच. पायथ्याशी ओल असेल, स्वच्छ पाण्याची बारीक धार असेल, तर घाबरायचं नाही. तिच्यावर लक्ष ठेवायचं. धार वाढली का आणि पाणी गढूळ झालं का, एवढंच पाहायचं. गढूळ पाणी म्हणजे पाळीच्या पोटातून माती बाहेर येते आहे. आत वाट तयार होते, ती रुंदावत जाते आणि वरून सगळं धड दिसत असताना पाळ अचानक बसते.

ही वाट बहुधा कुठल्यातरी भोकानं सुरू होते. घूस, खेकडा, साळिंदर यांची बिळं. वाळून कुजलेल्या बाभळीची मुळं. पाळीतून आडवा घातलेला पाइप, ज्याच्या भोवतीची माती कधीच नीट दाबली जात नाही. म्हणून पाळीवर झाड वाढू द्यायचं नाही, गवत मात्र हवं. शक्य असेल तिथे पाइप पाळीतून न नेता वरून सायफन करायचा किंवा मोटर लावायची. गुरांचं पाणी पिण्याचं ठिकाण पाळीपासून दूर, एका बाजूला उतार करून द्यायचं. ढोरं रोज त्याच वाटेनं पाळ चढली की माथ्यावर खाच पडते, आणि पूर त्या खाचेलाच शोधतो.

गढूळ धार लागलीच तर बाहेरून तिचं तोंड माती-सिमेंटनं बुजवू नका. पाणी दुसरीकडून, जास्त जोरानं फुटतं. त्याऐवजी धारेवर आधी जाड वाळू, वर बारीक गिट्टी, वर मोठे दगड टाका. पाणी निघत राहील, माती अडेल. त्याच वेळी मोटरनं, सायफननं पाणी उतरवायला लागा. आणि यातलं काहीही करण्याआधी खालच्या वस्तीला फोन करा.

मोठ्यांच्या चुका, छोट्यांसाठी धडे

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं. धरण मातीचं, काम अपुरं, पाणी सोडण्याच्या नळाचं कामही अर्धवट. त्या नळाच्या वरचा भराव खचला, पाळ तिथे खाली बसली आणि पाण्यानं तीच जागा धरली. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पुणं बुडालं. पाळीतून नेलेला नळ हा किती नाजूक सांधा असतो, हे महाराष्ट्राला तेव्हा कळलं.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच, लहानसं. खालच्या वाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं, त्यावर राज्यभर टवाळी झाली. खेकडे बिळं करतात हे खरंच आहे. पण ती बिळं पाहून बुजवायला माणूस लागतो.

तिसरं उदाहरण खासगी धरणाचं आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण श्रीमंतांच्या एका क्लबाच्या मालकीचं होतं. पाणी खाली सोडायचे नळ आधीच काढून विकले गेले होते. गाडी नीट जावी म्हणून माथा उतरवून रुंद केला. तलावातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांना कचरा अडकला, पाणी उतरलेल्या माथ्यावरून गेलं आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसं मेली. मासे वाचवायची जाळी आणि उन्हाळा काढायची पोती, दोन्हींचं काम एकच.

कायदा काय म्हणतो

२०२१चा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१पासून लागू झाला. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटर किंवा त्याहून जास्त असला तर. आमच्या आठ-पंधरा फुटी पाळी त्यात बसत नाहीत. म्हणजे त्या कायद्यानं तुमची पाळ तपासायला कुणी अभियंता येणार नाही. पण म्हणून जबाबदारी सुटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६प्रमाणे नाले शासनाचे आहेत. सातबारा तुमचा असला तरी वावरातून जाणारा नाला परस्पर अडवता येत नाही. आधी परवानगी घ्या, त्या निमित्तानं जाणकाराची नजरही पडते.

नुकसानभरपाईचा प्रश्न तर दीडशे वर्षं जुना. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकानं बांधलेल्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या कोळसा खाणीत शिरलं. १८६८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ठरवलं की धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर साठवणारा, हयगय असो वा नसो, तिच्या सुटण्याला जबाबदार. सहाच वर्षांनी, १८७४मध्ये, मद्रास इलाख्यातल्या कार्वेटिनगरमच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झाल्याचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. तिथे निकाल वेगळा लागला: या देशात तलाव हे लोकांच्या जगण्याचं साधन आहे, ते राखणं जमीनदाराचं कर्तव्यच आहे, म्हणून हयगय सिद्ध झाल्याशिवाय तो जबाबदार नाही. मला हा दुसरा निकाल आपल्याकडच्या शहाणपणाचा वाटतो. तळं ठेवण्याचा हक्क मान्य, पण हयगयीला माफी नाही. आणि सांडव्यावर लावलेली पोती ही हयगय नाही, हे कोणत्या न्यायाधीशाला पटवणार?

वर्षाची कामं

मे महिन्यात पाळीवरून आणि तिच्या दोन्ही पायथ्यांवरून एकदा चालत जा. भेगा, बिळं उकरून ओल्या मातीनं ठोकून भरा. रोपटी लहान असतानाच उपटा. माथा दोरीनं पाहा, जिथे बसला असेल तिथे भर घाला. सांडवा साफ करा. कुणी मुरूम न्यायला आला तर पाळीच्या पायथ्याशी खड्डा घेऊ देऊ नका, कितीही फुकट खोदून देत असला तरी. प्लॅस्टिक टाकलेल्या तळ्याला कुंपण करा आणि काठाला पक्का बांधलेला दोर आत सोडून ठेवा. त्या गुळगुळीत उतारावरून पोहता येणाराही वर येऊ शकत नाही.

पावसाळ्यात मोठ्या पावसानंतर रोज एक फेरी. पाणी माथ्याकडे चढताना दिसलं तर सांडवा टोकाच्या पक्क्या जमिनीकडे रुंद करा, पाळ मध्ये कापू नका. पोलीस पाटलाला, तलाठ्याला कळवा, ११२ला फोन करा.

आणि सगळ्यांत आधी, या मृगापूर्वीच, एक काम करा. पाळीच्या खालच्या बाजूनं नाल्याकाठानं चालायला लागा. वाटेत कुणाचा गोठा लागतो, कुणाची विहीर, कुठल्या सालदाराचं घर, कुठल्या पुलाखाली मेंढपाळ उतरतात, ते पाहा. त्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असू द्या. तेवढं करायची तयारी नसेल, तर ती पाळ घालू नका.